बावीस तासांचं कार्ड

मी लोकांना मोटारसायकल चालवायला शिकवतो. मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडायचे, शिकाऊ मंडळींना त्यांच्यामधून फिरवायचं आणि घसा बसेपर्यंत 'सावकाश' म्हणून ओरडायचं, हा माझा तेहतीस वर्षांचा धंदा. माझ्या माघारी सगळे मला 'सावकाश मास्तर' म्हणतात. हे नाव पाडणारी दुसरीतिसरी कुणी नाही, माझीच मुलगी.

तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण घरात तिचा पाय टिकायचा नाही. नोकरी लागल्यावर तिनं पहिली गाडी घेतली आणि विम्याचा हप्ता बघून माझे डोळे पांढरे झाले. चालवणारं माणूस तरुण असलं की विमावाले जास्त घेतात. गाडीवर कॅमेरा लावला आणि तो कायम चालू ठेवला तर सूट मिळते, असं कळल्यावर मी तिला घेऊन दुकानात गेलो.

तिला कॅमेरा हेल्मेटवर हवा होता. "व्हिडिओ भारी येतात, बाबा."

"हेल्मेट डोकं वाचवायला असतं. त्यावर टणक वस्तू चिकटवून पडलीस, तर तीच कवटीत घुसेल."

"म्हणजे मी पडणार हे तुम्ही ठरवूनच टाकलंय तर!"

शेवटी कॅमेरा हँडलवर बसवला. किल्ली फिरवली की तो आपोआप चालू व्हायचा. तिनं त्याची वायर काढू नये म्हणून मी तिला इतक्यांदा बजावलं, की ती मला नुसतं बघूनच म्हणायची, "नाही काढली, मास्तर."

रोज ती निघाली की मला धास्ती वाटायची. मी दाखवायचो नाही. 'आरसे बघ, सिग्नल दे, मान वळव,' एवढंच म्हणायचो आणि तिचा पोचल्याचा मेसेज येईपर्यंत पेपरचं एकच पान धरून बसायचो.

आणि ती गेली कुठे, तर ऑफिसात, खुर्चीवर बसल्या बसल्या. डोक्यातली शीर फुटली. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि तिचा पोचल्याचा मेसेज मला मिळालेला होता. मी रस्त्यावर पहारा ठेवला होता आणि मरण भलत्याच दारानं आत आलं. कुणावर चिडायचं तेही मला कळेना.

चौथ्या दिवशी मी तिची गाडी आणायला गेलो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये ती उभी होती, हँडल लॉक केलेलं. अगदी मी शिकवलं होतं तशी. घरी आणली तेव्हा तिची आई दारात आली.

"अहो, ती गाडी राहू द्या तशीच. हात नका लावू."

"उभी गाडी खराब होते," मी खेकसलो. "बॅटरी बसते, टायर खाली जातात. तुला काय कळतंय त्यातलं?"

तिला काहीच कळत नव्हतं आणि मला सगळं कळत होतं, म्हणून मी रोज सकाळी ती गाडी बाहेर काढायला लागलो. अर्धा-पाऊण तास फिरवून आणायची. बॅटरीचं निमित्त होतं, हे आता कबूल करतो. भिंगरीच्या उंचीला लावलेले आरसे मी तसेच ठेवले होते. मला त्यात माझ्या कोपरांशिवाय काही दिसायचं नाही. आरसे आपल्या उंचीला न लावता गाडी काढणाऱ्या शिकाऊ पोराला मी मैदानातून हाकललं असतं. पण त्या आरशांना हात लावायची माझी छाती होत नव्हती. हेल्मेटच्या आत मोकळेपणी रडता यायचं. काच खाली घेतली की कुणाला दिसत नाही.

असे सहा आठवडे गेले. मग एका रविवारी दुपारी तिची ऑफिसातली मैत्रीण आली, शेजारच्या टेबलावर बसणारी. बऱ्याचदा संध्याकाळी भिंगरीच्या मागे बसून घरी जायची. तिनं खणातल्या वस्तू आणल्या होत्या: कप, कंगवा, हातमोज्यांचा जादा जोड. चहा घेताना तिनं सहज विचारलं, "काका, तुम्ही ते गाडीवरचे व्हिडिओ ऐकले का?"

"ऐकायचे कशाला? समोरचा रस्ता तर असतो त्यात."

"रस्ता दिसतो हो. पण ती बोलायची ना! दर लाल सिग्नलला. तुमच्याशीच. 'मास्तर, बघा, पट्ट्याच्या अलीकडे थांबलेय. मागचा हॉर्न बडवतोय, बडवू दे.' कधी साहेबांच्या नकला करायची. कधी नुसती गुणगुणायची, तेही बेसूर." ती हसली आणि तिचे डोळे भरले. "मी म्हटलं, अगं, बाबा ऐकतात का तुझं हे? तर म्हणाली, कधीतरी ऐकतीलच. तेव्हा सगळं एकदम ऐकतील."

मी तडक खाली गेलो, कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि तिच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला लावलं. सगळ्यांत जुनी फाइल ती गेल्यानंतरच्या दहाव्या दिवसाची होती. त्याआधीचं काहीच नव्हतं.

म्हणजे सगळं माझं. एका फाइलमध्ये लाल सिग्नल लागतो, सिग्नल हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवत राहतात आणि गाडीवरचा कुणी म्हातारा हुंदके देत जागचा हलत नाही. तेवढं ऐकून मी ते बंद केलं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कार्डात बावीस तास मावतात. ते भरलं की कॅमेरा जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. अपघात झाला तर लगेच कार्ड काढून घ्या, हे मीच शिकाऊ मंडळींना दर आठवड्याला घोकून सांगतो. पण तिला अपघात झालाच नव्हता. मग कार्ड काढायचं मला सुचणार कसं? गाडी जिवंत ठेवायची म्हणून मी रोज अर्धा-पाऊण तास माझ्या पोरीचा आवाज पुसत होतो.

तिच्या आईला सांगितलं. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिनं नुसती चप्पल घातली आणि म्हणाली, "दुकानात चला. विचारून तरी बघू."

कॅमेरा बसवून देणाऱ्या दुकानदारानं आम्हाला ओळखलं. हकिगत ऐकल्यावर त्यानं तिच्या आईला स्टूल दिलं आणि बराच वेळ खटपट केली.

"पुसलेलं परत येत नाही, मास्तर. पण एक आहे. करकचून ब्रेक मारला, जोरात हिसका बसला, की त्या वेळची एक मिनिटाची फाइल कुलूपबंद होते. ती कॅमेरा पुसत नाही. तिचा कप्पा वेगळा असतो."

तिची आई आशेनं माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली. भिंगरी करकचून ब्रेक मारणारी नव्हती. ब्रेक दाबायचा असतो, हाणायचा नसतो, हे मी तिच्या अंगात मुरवलं होतं. खड्डा दिसला की ती लांबूनच वेग कमी करायची. इतकी गुणी पोर, आणि मी त्या दुकानात उभा राहून मनात म्हणत होतो, एकदा तरी वेड्यासारखी चालवली असशील गं. एकदा तरी माझं ऐकलं नसशील.

"एक फाइल आहे," दुकानदार म्हणाला.

तारीख दीड वर्षापूर्वीची होती. कॅमेरा याच दुकानात बसवला, त्या दिवसाची.

मला आठवलं. पकड घट्ट बसली का हे बघायला मी कॅमेऱ्यावर मुठीनं तीन ठोसे मारले होते. दुकानदारानं तेव्हा कपाळाला हातही लावला होता. त्या ठोशांनी ती फाइल कुलूपबंद झाली होती.

त्यानं ती लावली. पडद्यावर माझा चौकटीचा शर्ट दिसला, तोही पोटापाशी ताणलेला. दुसरं काहीच नाही. मग धाड, धाड, धाड.

"अहो, मोडाल!" भिंगरीचा आवाज आला, खणखणीत, हसरा. तिच्या आईनं पदर तोंडाशी धरला.

"मोडला तर इथेच मोडू दे," पडद्यावरचा मी म्हणालो.

"मला बघू द्या की मी कशी दिसते यात. मोबाइलवर सगळं लाइव्ह दिसतंय. बाबा, सरका ना."

"थांब. कोन बघतोय."

माझ्या खांद्यावरून एक हात वर आला. काळा हातमोजा, अंगठ्यापाशी उसवलेला. तो हात कॅमेऱ्याला टाटा करत होता.

"सरका ना हो बाजूला. सगळीकडे तुम्हीच दिसताय. मी कुठेच दिसत नाहीये."

"सावकाश! घाई कसली आहे तुला?" मी म्हणालो, आणि फाइल संपली.

दुकानदारानं आमच्याकडे पाठ करून एक खोका उचलला आणि उगाचच दुसरीकडे ठेवला.

"परत लावा," तिची आई म्हणाली.

त्यानं परत लावली. ती स्टूल ओढून अगदी जवळ बसली. पडद्यावर माझा शर्ट आला, तशी तिनं मान वाकडी केली आणि एका कडेनं माझ्या पोटाच्या पलीकडे डोकावून बघायला लागली. त्या कडेला काही दिसेना, म्हणून मग दुसऱ्या कडेनं वाकली.

मी तिच्या मागे उभा होतो. पडद्यातला मी काही केल्या सरकत नव्हतो.