सुट्टीतला सराव

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आमच्या बास्केटबॉल संघातली सिग्ने माझ्या ऑफिसात आली, ती लंगडत. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्टे बांधलेला जाडजूड बूट.

"काय गं, हे काय झालं?"

"शेतात पडले, बाई. ट्रॅक्टरवरून उतरताना."

मी तिच्या आईला फोन केला. आई म्हणाली, "पडली कुठली! डॉक्टर म्हणतात, नडगीच्या हाडाला बारीक चीर गेलीय. सारखं पळून, उड्या मारून जाते म्हणे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. हॅल्वर गावच्या हायस्कूलमध्ये खेळांचं सगळं मी बघते, आणि जुलैत कोचनं मुलींना शिकवायचं नाही, हा राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचा नियम दरवर्षी मीच सगळ्यांना वाचून दाखवते. मुलींनी आपल्या आपण खेळावं, पोहावं, नाहीतर नुसतं लोळावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गावाबाहेरच्या लुथरन चर्चच्या हॉलवर गेले. शाळेचं जिम सुट्टीत बंद असतं; बास्केट लावलेली दुसरी जागा एवढी एकच. गाडीतून उतरतानाच शिट्टी ऐकू आली. आत अकरा मुली घामाघूम होऊन पळत होत्या आणि मधोमध वेंडेल उभा होता. आमच्या बास्केटबॉलचा कोच. माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात रोज पहाटे माझ्या अंगणातला बर्फ काढणारा वेंडेल.

मला बघून त्यानं मुलींना पाणी प्यायला पाठवलं.

"मार्लिस, त्या आपणहून येतात. विचार हवं तर."

"आणि शिट्टी आपणहून वाजते?"

तो हसला नाही. "यंदा आपण राज्याच्या फायनलला जाऊ शकतो. तीस वर्षांत पहिल्यांदा. हे गाव आहे काय सांग बरं? टर्कीच्या मांसाचा कारखाना आणि सोयाबीन. पोरींना एकदा तरी काहीतरी मिळू दे."

"सिग्नेचा पाय बघितलास?"

"ती शेतात पडली."

"तुला खरंच तसं वाटतं?"

त्यानं पायाशी आलेला चेंडू उचलला. मग म्हणाला, "कळवणार आहेस?"

"कळवावंच लागेल."

"लागत काही नसतं. तू ठरवतेस."

संघटनेला लिहिलेलं पत्र चार दिवस तसंच टेबलावर पडून राहिलं. पाचव्या दिवशी पाठवलं. मला वाटलं होतं, त्याला काही सामने बाहेर बसवतील आणि प्रकरण मिटेल. संघटनेनं त्याला वर्षभर बाहेर केलं, आणि संघाला मार्चमधल्या राज्य स्पर्धेतून काढलं. मुलींना तरी या शिक्षेतून वगळा म्हणून मी स्वतः सेंट पॉलला, संघटनेच्या ऑफिसात जाऊन आले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले.

गावानं मला काही बोलून दाखवलं नाही. फक्त चर्चच्या जेवणात माझ्या टेबलावरच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. वेंडेलनं नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत घर विकलं आणि तो बायकोच्या माहेरी, शेजारच्या डाकोटा राज्यात निघून गेला. जाताना भेटला नाही.

सिग्नेचा पाय डिसेंबरात बरा झाला. ती खेळली, चांगली खेळली. फेब्रुवारीत शेवटचा सामना संपला तेव्हा बाकीच्या शाळा स्पर्धेच्या तयारीला लागल्या आणि आमच्या मुलींनी गणवेश धुऊन जमा केले. सिग्ने सगळ्यांत शेवटी आली. गणवेश टेबलावर ठेवला, पण निघेना.

"बाई, शेतात पडले असं सांग, हे मला कोचनी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं. पाय दुखतोय म्हटलं असतं तर माझी जागा दुसरीला गेली असती."

"पण तो पाय मोडला असता, पोरी."

"माहितीय."

"मग आता तरी कळलं ना?"

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. रागानं नाही. दमलेल्या माणसासारखं.

"बाई, पुन्हा तशीच वेळ आली ना, तर मी पुन्हा तेच सांगीन."

ती गेली. मी गणवेश मोजायला घेतले आणि दोनदा चुकले.