हिंगणघाटची गादी, निकिताचा खांदा

मित्रांनो, ओळख नंतर. आधी तक्रार ऐका.

संजयने आज सकाळी मला कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं केलं. तेही कोपऱ्यात, वर्गात शिक्षा केल्यासारखं. बरं, जागा कुठली शोधली? सोसायटीच्या पाटीखालची. पाटीवर लिहिलंय, ‘येथे कचरा टाकू नये. टाकणाऱ्यास आम्ही ओळखतो. त्यानेही स्वतःस ओळखावे.’ ही पाटी संजयनेच लिहिली, सोसायटीचा सेक्रेटरी होता तेव्हा. माणसाने निदान स्वतःचं अक्षर तरी वाचावं.

मी एक जुनी गादी आहे. फोमची नाही, काथ्याची नाही. हिंगणघाटच्या कापसाची. जरा मोठेपणाने सांगते, कारण आता मोठेपणा एवढाच उरलाय. दुर्गाबाईंच्या लग्नात त्यांच्या बापाने घरचा कापूस देऊन मला भरून घेतलं. पिंजाऱ्याने अंगणात बसून धनुकलीने तो कापूस पिंजला. तो टणत्कार अजून माझ्या अंगात आहे. वर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड चढलं आणि जाड सुईने टाके पडले. तेव्हा मी अशी फुगलेली होते की नवी नवरी बसली की पाय जमिनीला टेकायचे नाहीत.

दुर्गाबाईंचा हा संजय माझ्यावरच जन्मला. हे त्याला आठवत नसणार. मला आठवतं.

पुढे हिंगणघाटची गिरणी बंद पडली. दुर्गाबाईंचे यजमान रंगराव गिरणीत होते. देशाची दारं परदेशी मालाला उघडली म्हणून रेडिओ सारखा सांगत होता, त्याच वर्षी आमच्या घराचं दार बंद झालं आणि आम्ही पुण्याला आलो. मी वळकटी होऊन आले, पोटात दोन पातेली घेऊन. बिबवेवाडीत पत्र्याची एक खोली मिळाली. रंगराव कारखान्यात लागले. संजय कॉम्प्युटर शिकला आणि हिंजवडीला रात्रपाळीला जाऊ लागला. अमेरिकेतली माणसं उठली की हा कामाला बसायचा. त्यामुळे रात्री दुर्गाबाई आणि दिवसा संजय, अशी मी कधी थंडच पडले नाही. रंगराव गेले तेही माझ्यावरच. त्यानंतर दुर्गाबाईंनी मला गच्चीवर उन्हात घातलं आणि संध्याकाळी परत अंथरलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, “कापूस हाय. सगळं पिऊन घेते.”

मग हा फ्लॅट झाला. पलंग आला. मी पलंगाखाली गेले. तिथून मी बाहेर आले ती निकितामुळे.

निकिता संजयची मुलगी. कॉलेजात गेली आणि रग्बी खेळायला लागली. तुम्हाला वाटेल, हा कुठला खेळ? घरात कोणालाच माहीत नव्हता. चेंडू दोन्हीकडून निमुळता, न सोललेल्या नारळासारखा. तो घेऊन पुढे पळायचं, पण हाताने द्यायचा मात्र मागच्यालाच. समोरची मुलगी पळत आली की तिच्या कमरेला मिठी मारून तिला खाली पाडायचं. याला टॅकल म्हणतात. हे सगळं ऐकून दुर्गाबाई म्हणाल्या, “पुढं जायचं आन हाती आलेलं मागच्याले द्यायचं. यात खेळ कोणता? हा तर संसार झाला.”

पण पहिल्याच आठवड्यात पोर हनुवटी फोडून घेऊन आली. दुर्गाबाईंनी हळद दाबली आणि मला पलंगाखालून ओढलं. “दुसऱ्याले पाडणं नंतर शीक. आधी पडणं शीक.” गच्चीवर माझी वळकटी केली, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी आवळली आणि भिंतीला पाठ लावून स्वतः मला धरून उभ्या राहिल्या. निकिता धावत यायची आणि धाडकन माझ्यात घुसायची. मागून आवाज यायचा, “डोकं बाजूले ठेव. मान मोडशील तर तुही सासू मले विचारेल.” कितीतरी संध्याकाळी अशा गेल्या. माझा कापूस एका बाजूला सरकून दगड झाला. मी कुरकुर केली नाही. पलंगाखाली पडून राहण्यापेक्षा मार बरा.

आता आजचं ऐका.

उद्या बालेवाडीच्या मैदानावर कसोटी सामना आहे. क्रिकेटचा पाच दिवसांचा नव्हे. दोन देशांच्या संघांत रग्बीचा सामना झाला की त्यालाही कसोटी म्हणतात, आणि ऐंशी मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो. भारताच्या संघात आमची निकिता आहे. पाहुण्या संघाने आपल्या मुलींना याआधी दोनदा हरवलंय. आमच्या गल्लीला महिनाभर दुसरा विषय नाही. ज्या बायकांना काल-परवापर्यंत रग्बी हे साबणाचं नाव वाटत होतं, त्या आज पार्किंगमध्ये बसून पताका चिकटवत होत्या आणि पंच कसा असावा यावर बोलत होत्या. एकीने गालाला लावायचे तीन रंग आणले होते. दुसरीने घसा बसू नये म्हणून ज्येष्ठमध वाटला. दुर्गाबाई तर सकाळीच स्वारगेटला गेल्या होत्या, गल्लीसाठी सहलीची बस ठरवायला.

आणि याच सकाळी टीव्हीवाल्यांचा फोन आला. खेळाडूचं घर दाखवणार म्हणे, दुपारी येतो. संजयने घरभर नजर फिरवली. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चपलांचं कपाट लपवलं आणि मग मी दिसले. डाग पडलेली, एका कुशीवर झुकलेली. त्याने नवी फोमची गादी आणलीच होती. मला खांद्यावर टाकून तो खाली आला.

कचरा गोळा करणाऱ्या सत्यशीलाबाई ढकलगाडी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “दादा, गादी आम्ही घेत नाही.”

“काहीतरी ॲडजस्ट करा ना, मावशी. टीव्हीवाले येतायत.”

“मग त्यांना द्या की.”

संजयने मला पाटीखाली टेकवलं आणि वरून गणपतीतला जुना फ्लेक्स पांघरला, कोणाला दिसू नये म्हणून. फ्लेक्सवर कुठल्याशा भाऊंचा हात जोडलेला फोटो होता. तो नेमका माझ्या छातीवर आला. इतकी वर्षं माणसं माझ्या कुशीत निजली, पण मला हात जोडणारा हा पहिलाच.

दुपारी निकिता आली. संघाच्या मुक्कामातून घरी भेटायला म्हणून थोडी सुट्टी मिळाली होती. माझ्या अगदी जवळून गेली, फ्लेक्सच्या फटीतून मला दिसली. उजवा हात अंगाशी धरून चालत होती. बायकांनी ‘आली आली’ म्हणून घेरलं, गालाला रंग लावून पाहिला. ती हसली. ते हसू मला ओळखीचं आहे. हनुवटी फुटली होती तेव्हाही ती असंच हसली होती. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते, अगं, मी इथे आहे, या भाऊंच्या खाली. पण ती जिना चढून गेली.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. खिडकी पार्किंगवर उघडते. वरचं सगळं ऐकू आलं.

“पप्पा, आजीची गादी कुठंय?”

“जुनी गं ती. ही बघ ना, मस्त आहे. मेडिकेटेड.”

मग धावण्याचा आवाज आला. नंतर धप्प. नंतर भिंतीवर काहीतरी आपटल्याचा. फोमच तो. वाकला असेल आणि पोर थेट भिंतीवर गेली असेल. मग ती बोलली, आणि माझ्यातला कापूस गार पडला.

“पप्पा, खांदा निखळला होता ना, तेव्हापासून या बाजूने मी एकदाही फुल टॅकल केलेला नाही. प्रॅक्टिसमध्ये खांदा चोरते. कोच मॅडमना कळलंय. त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत तूच सांग, खेळतेस की नाही. खोटं सांगू नकोस, उद्या खांदा चोरलास तर तुझी नाही, शेजारच्या मुलीची मान जाईल. मला फक्त एकदा आजीच्या गादीवर मारून बघायचं होतं. आता फोन करते. नाव काढून घेते.”

“अगं, पण टीव्हीवाले निघालेत,” संजय म्हणाला. बघा, त्याला त्या क्षणी सुचलं ते हे.

खाली बायका पताका चिकटवत होत्या. एक घोषणा चाल लावून घोळवत होती. वर पोर फोन हातात घेऊन बसली होती. मध्ये मी. तीच एक वस्तू जी उपयोगी पडली असती, आणि ती फ्लेक्सखाली. अशी हतबलता शत्रूवरही येऊ नये.

तेवढ्यात दुर्गाबाई परतल्या. पिशवी ठेवायला वर गेल्या, निकिताकडून सगळं ऐकलं आणि खिडकीतून आवाज आला.

“गादी कुठी हाय?”

“आई, तू आधी पाणी पी.”

“पाणी मी पीन. गादी?”

उत्तर दुपारच्या फेरीला आलेल्या सत्यशीलाबाईंनी दिलं. खालूनच ओरडल्या, “आजी, ही काय, भाऊंच्या मागं.”

दुर्गाबाई खाली आल्या, फ्लेक्स ओढून काढला. माझ्यावरून हात फिरवला. मग खिडकीकडे बघून म्हणाल्या, “पोट्टे, खाली ये.”

मला धरून त्या पार्किंगच्या भिंतीला टेकल्या. निकिता धावत आली आणि डाव्या खांद्याने लागली. दुर्गाबाई म्हणाल्या, “हे मले माहीत हाय. दुसरा.” ती परत आली, परत डाव्यानेच. तिसऱ्या वेळी उजवा पुढे काढला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. परत मागे गेली. परत थांबली. बायकांच्या हातातल्या पताका तशाच राहिल्या. घोषणा बंद पडली.

“नाही होत, आजी.”

“मग मॅडमले फोन कर आन खरं सांग. त्यात लाज नाही.”

निकिताने फोन काढला. दुर्गाबाईंनी मान वळवून मागची भिंत पाहिली. मग म्हणाल्या, “थांब. चूक माहीच हाय. इतके दिवस मी भिंतीले टेकून उभी राहिली. उद्या ती परदेशची पोट्टी भिंतीले टेकून उभी राहणार हाय का?”

आणि त्यांनी मला अंगाभोवती गुंडाळलं. काखेखालून घोट्यापर्यंत. लुगड्याची पट्टी सत्यशीलाबाईंच्या हातात दिली. “आवळ.”

संजय जिन्यावरून धावला. “आई, वेडी झालीस का? या वयात हाड मोडलं तर?”

“तुह्या फोमवर पडू का मग? सरक.”

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ वजन पेललंय. पण त्या घटकेला मला माझीच भीती वाटली. माझे टाके कुजलेले. माझा कापूस एकीकडे दगड, एकीकडे पोकळ. पोर चुकली आणि पोकळ बाजूवर म्हातारी पडली, तर तिचं कंबरडं गेलं. आणि उद्या मैदान नाही, दवाखाना. मी हिंगणघाटच्या त्या पिंजाऱ्याला आठवलं आणि होता नव्हता तो सगळा कापूस आवळून धरला.

दुर्गाबाई चालू लागल्या. चालणं कसलं, डुलत डुलत पळणंच ते, थेट निकिताच्या उजव्या बाजूला. “ये,” त्या म्हणाल्या. “दुखऱ्या खांद्यानं ये.”

निकिताला बाजूला होता आलं असतं. पण मग आजी सरळ मागच्या खांबावर गेली असती. ती वाकली, उजवा खांदा माझ्या पोटात घातला, दोन्ही हात मागे आवळले, आणि आम्ही तिघी खाली आलो. माझी शिवण उभी फाटली. कापूस उडाला.

दुर्गाबाई आकाशाकडे तोंड करून निपचित. संजय नुसता “आई, आई” करत होता. माझ्या फाटक्या अंगाला त्यांचा श्वास लागेना.

मग त्या हळूच म्हणाल्या, “डोकं बाजूले होतं. बराबर.”

निकिताने हात वर केला, गोल फिरवला, परत फिरवला. रडत होती आणि फिरवत होती. मग फोन लावला. “मॅडम, मी खेळते. खरं सांगतेय.” बायकांनी जो गलका केला, तो बालेवाडीला ऐकू गेला असेल.

याच वेळी टीव्हीवाले आले. एक तरुण मुलगा कॅमेरा काढत म्हणाला, “आजी, तेच परत एकदा कराल का? आम्ही सेटअप लावतो.”

“लग्नही परत लावू का तुह्यासाठी?” दुर्गाबाई उठून बसत म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी फाटलेली आहे, हे खरं. मला परत पिंजायला पिंजारी मिळेल की नाही, कोण जाणे. उद्या काय होईल तेही मला माहीत नाही. पाहुण्या मुली दांडग्या आहेत म्हणतात. पोरीचा खांदा ऐंशी मिनिटं टिकेल का, या विचाराने माझा उरलेला कापूसही जागेवर नाही. पण एक मागणं आहे. घरातली जुनी वस्तू टाकू नका असं मी म्हणणार नाही. घरं लहान असतात, मला कळतं. फक्त टाकण्याआधी घरात एकदा विचारा, हिच्यावर पडून कोण उभं राहायला शिकलं. कोणीच नाही म्हणालं, तर खुशाल टाका.

संध्याकाळी निकिता परत मुक्कामाला गेली. बायका बसमध्ये कोण कुठे बसणार यावर भांडत होत्या. संजय माझा सांडलेला कापूस गोळा करत होता. सगळा पोत्यात भरून झाल्यावर त्याने खाली मानेनेच विचारलं, “आई, आता तर पार फाटली. आता तरी टाकू का?”

दुर्गाबाईंनी सुईत दोरा ओवला. मला मांडीवर ओढलं. पहिला टाका घातला आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

“उद्या बसमध्ये खिडकीची जागा हिची हाय. तू उभ्यानं ये.”