पापाची फळी

पारावर मुंगी शिरायला जागा नव्हती. अल्लीपूरचा अख्खा मोहल्ला एका फळीकडे डोळे लावून बसला होता. फळीचं एक टोक दोन विटांवर टेकवलेलं, आणि करणी ओळखणाऱ्या बाबाच्या हातात शेंदूर माखलेला, एका बाजूला चांदीचे सपाट डोळे बसवलेला चपटा दगड.

"शिळेले पापाचं ओझं समजते!" बाबा गरजला. "पुन्यवानासाठी थांबते, पाप्यासाठी घसरते. बोल बाई, तुह्या वांग्यावर करनी कोनं केली?"

"माह्या जावेनं," नलू म्हणाली. "मंजुषानं."

खरं तर वांग्यांना कीड लागली होती, एवढंच. पण धाकट्या जावेची वांगी हिंगणघाटच्या बाजारात आधी संपायची. परवा तर नलूचा सख्खा नवरा कैलास म्हणाला, "मंजुषाच्या हाताले गुन हाये." तेव्हापासून नलूचा नुसता जळफळाट चालला होता.

नलूच्या नावानं दगड ठेवला, हलला नाही. मंजुषाच्या नावानं ठेवला, सर्रकन खाली.

"उद्यापासून हिचा माल माह्या टेम्पोत चढनार नाई," बबनराव टेम्पोवाले म्हणाले. नलूला बरं वाटलं, कशाला खोटं बोला!

मंजुषा रडायला लागली. "बाई, तुमी तापानं पडल्या तवा फवारा मीच मारला ना तुमच्या वांग्याले?"

नलूची मान खाली गेली आणि नजर दगडावर पडली. मघाशी तिच्या नावानं ठेवला तेव्हा चांदीचे डोळे वर होते. आता ते खालच्या बाजूला गेले होते. तिला रोजची पहाट आठवली. टेम्पोच्या फळीवरून क्रेट घसरतात, म्हणून गोणपाटाचा बारदाना अंथरतात. मग तेच क्रेट, तीच वांगी, पण घसरत नाहीत.

तिनं दगड उचलला. एक बाजू जात्यासारखी खरबरीत, दुसरी घासून मेण चोपडलेली.

"हात नको लावू, भस्म होशीन!"

"होतो मंग." तिनं खरबरीत बाजू खाली ठेवली. वर एक वीट ठेवली, तरी दगड थांबला. "घ्या, ओझं वाढलं, घसरला का?" मग तीच वीट फळीखाली सारून फळी आणखी उभी केली. "आता हा बाबाच्या नावानं." दगड घसरला. लोक हसले. बाबा झोळी शोधू लागला.

"फळी किती उभी अन् बूड किती खरबरीत, एवढंच दगडाले समजते," नलू म्हणाली. "पाप समजत असतं तं माह्यासाठी थांबला काऊन? जळून तं मीच राह्यली होती. किडीले औषध मारा, मनातलं बोलून टाका, पन मानसाचा न्याय दगडाले मागू नका."

दुसऱ्या पहाटे टेम्पोच्या फळीवर बारदाना नलूनंच अंथरला आणि पहिला क्रेट मंजुषाचा चढवला. वांगी मंजुषाचीच आधी संपली. नलूला थोडं लागलंच, पण या वेळी तिनं मंजुषाला किडीच्या औषधाचं नाव विचारून घेतलं.