मूठभर माती

आमच्या या थंड मुलखात हिवाळा सरत आला की लोकांना आपल्या घराला बाग असल्याचं आठवतं. चार महिने पडदा न सरकवणारे फोन करून विचारतात, यंदा गुलाब कधी फुलणार? जसा काही मी गुलाबांचा सेक्रेटरी. एका साहेबांनी तर थंडीत पानं गळाली म्हणून चांगलं झाड मेलं समजून उपटून टाकलं. गाढवाला गुळाची चव काय! अशांच्या बागा राखण्यात माझी तीस वर्षं गेली. तरी वसंत जवळ आला की मला घरात करमत नाही. कात्र्यांना चौथ्यांदा धार लावतो आणि वाट बघतो.

हंगाम सुरू कधी करायचा, हे आमच्याकडे मी ठरवतो. शेडच्या दारातली मूठभर माती उचलायची, डोळे मिटून हुंगायची आणि म्हणायचं, झाली वेळ. त्याआधी आमचे दोघे गडी फावड्याला हात लावत नाहीत.

गेल्या वर्षी लेकीने जावई आणला आणि तिच्या हट्टापायी मी त्याला धंद्यात घेतलं. दहा वर्षं ऑफिसात फायली चाळलेला माणूस. त्याने जमिनीत खुपसायचा थर्मामीटर आणला. सलग तीन सकाळी काटा दहावर दिसला की लावणी करावी, असं पुस्तकात आहे म्हणे. मी गड्यांसमोरच त्याला सांगितलं, "जावईबापू, पोराचा ताप आईला हात लावून कळतो. थर्मामीटर परक्यांना लागतो." गडी पोट धरून हसले. जावयाने थर्मामीटर उचलला आणि शेडमागे नेऊन खुपसला. त्याला तेवढंच जमतं.

यंदा थंडीत मला ताप आला. आठवड्याने उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण, चहा, माती, सगळं सारखंच. मी कुणाला सांगितलं नाही. बाबा, आता आराम करा, असं लेक आधीच दोनदा म्हणाली होती. नाक गेल्याचं कळलं असतं तर मला खुर्चीत बसवलं असतं आणि 'झाली वेळ' त्या फायलीवाल्याने म्हटलं असतं. त्यापेक्षा मेलेलं बरं.

मग रोज गडी यायच्या आत मी शेडमागे जायचो, गुडघे धरून वाकायचो, काचेवरचा चिखल पुसायचो आणि काटा बघायचो. हो, त्याच थर्मामीटरचा. तिसऱ्या सकाळीही काटा दहावर दिसला.

त्या दिवशी सगळे जमल्यावर मी दारातली माती उचलली आणि डोळे मिटून छाती भरून हुंगली. काही म्हणजे काही नाही. "झाली वेळ," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबायचं, तर वर म्हणालो, "यंदा वास जरा गोडसर आहे."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक खोकला. जावई जवळ आला, माझ्या मुठीकडे बघत क्षणभर उभा राहिला आणि गड्यांकडे वळला.

"बाबांनी सांगितलं ना? फावडी घ्या."

मला वाटलं, चला, याला अक्कल आली. सकाळभर मी मिशीतल्या मिशीत हसत होतो.

दुपारी लेक शेडवर डबा घेऊन आली. डबा देताना तिने तोंड फिरवलं. म्हणाली, "बाबा, हाताला पेट्रोलचा केवढा वास मारतोय! सकाळी गवताच्या मशीनमध्ये भरताना गड्याच्या हातून दारात अख्खा कॅन सांडला, तिथे हात घातलात की काय?"

मी म्हणालो, माहीत आहे मला. हात धुतले आणि जेवलो. जेवणाला तशीही चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी सवयीने पहाटेच शेडमागे गेलो. थर्मामीटरची काच कुणीतरी आधीच लख्ख पुसून ठेवली होती. शेजारी एक मोठी कुंडी पालथी घातली होती, वर घडी केलेलं पोतं. माझे गुडघे दुखतात हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

लाथेने ती कुंडी उडवणार होतो. पाय उचललासुद्धा. मग बसलो तिच्यावर. काटा अकरावर होता.