चेहऱ्याचा धडा

“नाक?”

पोरांची बोटं आपापल्या शेंबड्या नाकांवर गेली.

“कान?”

बोटं कानांकडे वळली. अंजनाबाई नेहमी नाक-कानापासूनच सुरुवात करत. दुर्गजवळच्या मरोद्यात, त्या पत्र्याच्या शेडमधल्या बालवाडीत मजुरांची पोरं कुठकुठून आलेली. कुणी छत्तीसगढी बोले, कुणी हिंदी, कुणी घरची मराठी. नाक आणि कान हे शब्द मात्र साऱ्यांचे सारखेच. डोळ्यांपाशी आलं की गोंधळ सुरू होई.

त्या दिवशी डोळ्यांपर्यंत जाणंच झालं नाही. रंभा नावाची मोठी पोर मध्येच ओरडली, “बाई, ललिता के बाबू की तो नाक ही नहीं है!”

सगळी पोरं ललिताकडे वळली. तीन वर्षांची ललिता रडली नाही. कानावरची बोटं काढून तिनं हात मांडीत ठेवले. “तो माहा बाबा नाही,” ती म्हणाली.

अंजनाबाईंनी धडा तिथेच थांबवला. दुसऱ्या दिवसापासून चेहरा सोडून त्या पोरांना फुलं, पक्षी, रंग शिकवू लागल्या.

ललिताचा बाप केवलराम भंडाऱ्याकडचा. नव्या पोलाद कारखान्याबरोबर कामगार-वसाहतीचे सेक्टर उभे राहत होते आणि तिथल्या रस्त्यांवर तो एका ठेकेदाराकडे डांबर तापवायच्या कामाला होता. उन्हाळ्यात एक दिवस उकळतं पिंप कलंडलं आणि डांबर त्याच्या तोंडावर उडालं. कितीतरी महिने तो दवाखान्यात होता. लहान पोरांना आत सोडत नसत, म्हणून त्याची बायको दुर्गा ललिताला शेजारी ठेवून एकटीच जाई. तो घरी आला तेव्हा पोरगी त्याला पाहून किंचाळली आणि शेजारच्या झोपडीत पळाली. दुर्गानं समजावलं, रागावून पाहिलं, एकदा मारलंही. काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून केवलराम झोपडीबाहेर झोपे आणि पोरगी उठायच्या आत कुठेतरी निघून जाई.

आठवड्याभरानं तोच शेडच्या दारात येऊन उभा राहिला. तोंडावर गमछा गुंडाळलेला.

“बाई, तुमी नाक-डोळे शिकवनं बंद केलं म्हणते?”

“पोरीले वाईट वाटते ना, दादा.”

“मंग तिले कोन शिकवन?” त्यानं गमछा सावरला. “मी परवा गावाले चाललो, भावाकडं. इथं मले आता कामावर कोनी घेऊन नाही राहिलं. बाया भेतात म्हणते.”

“अन् दुर्गा?”

“ते राहीन इथंच. तिचं काम चालू हाय. पोरगी बी तिच्याजवळच राहीन.” त्यानं आत एकवार पाहिलं. “जायच्या आधी एक डाव पोरीनं माह्याकडं पाहावं, बस. घरी पाहतच नाही. तुमचं आयकते ते.”

अंजनाबाईंच्या तोंडात नकारच आला होता. त्यांचा नवरा रेल्वेत गँगमन होता. दुर्ग स्टेशनजवळ रुळावर काम करताना मालगाडीखाली गेला. तेव्हा लोक म्हणाले, बाई, तोंड नका पाहू. त्यांनी पाहिलं नाही. मग सेक्टर दोनमध्ये भावाच्या क्वार्टरवर येऊन राहिल्या, ही बालवाडी धरली. पण नवऱ्याचा चेहरा आठवू गेलं की कापडाखालचा तो आकारच डोळ्यांसमोर येई.

“या,” त्या म्हणाल्या. “पोरांसमोर बसा.”

केवलराम दाराच्या उजेडात पोत्यावर बसला आणि त्यानं गमछा सोडला. मागं एक लहानगं रडू लागलं. ललिता अंजनाबाईंच्या पाठीशी जाऊन पदर धरून उभी राहिली.

अंजनाबाईंनी कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं पाहिलं. डावा डोळा कातड्याखाली कायमचा मिटलेला. उजवा उघडा, पण त्याची पापणी पुरती लवत नव्हती. उजवा कान तेवढा जसाच्या तसा राहिला होता.

“डोळे?” त्यांनी विचारलं.

“एक,” रंभा हळूच म्हणाली.

“नाक?”

“नहीं है।”

“हाय ना,” केवलराम म्हणाला. “थोडंसं हाय. हे पाहा, श्वास चालते.” त्यानं जोरात फुस्स केलं. एक पोरगा फिसकन हसला. मग आणखी दोघं.

“कान?”

पदर सुटल्याचं अंजनाबाईंना जाणवलं. ललिता पुढे गेली, पण सरळ नाही. लांबून वळसा घेऊन ती उजव्या बाजूनं त्याच्याजवळ पोचली. त्या बाजूनं तो कमी जळलेला दिसे. तिनं कानाची पाळी चिमटीत धरली.

“कान,” ती म्हणाली आणि ओढली. गालावरचं नवं कातडं ताणलं गेलं. केवलराम हलला नाही.

“हळू, बेटा,” अंजनाबाई म्हणाल्या.

“ओढू द्या, बाई.”

ललितानं हात काढला. थोडी वाकून तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ.

“दुखते का, काका?”

“अगं, काका नाही, हा तुहा—” अंजनाबाई बोलू लागल्या. केवलरामनं हात वर करून त्यांना थांबवलं.

“नाही दुखत,” तो पोरीला म्हणाला.

तिचा विश्वास बसला नसावा. तिनं गालावर फुंकर घातली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. केवलरामचा डोळा भरून आला होता, पण पापणी मिटेना. सगळ्या पोरांसमोर तो तसाच उघड्या डोळ्यानं बसून राहिला.

पोरं अंजनाबाईंकडे पाहत होती. धडा अजून संपला नव्हता.

“ओठ?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ललितानंही ठेवलं. शेड एकदम शांत झाली. त्या शांततेतच केवलराम पोत्यावरून उठला आणि पायांचा आवाज न करता बाहेर गेला.