रमाने शेड धुतली

ओवे गावात रमाच्या जिभेला हाड नाही, हे कुणालाही विचारा. पोरगा हरेश घरामागच्या शेडमध्ये अळ्या पाळायला लागला तेव्हा तर तिने कहरच केला. "लोकांची पोरं म्हशी पालतात, आमचा किडं पालतोय! तोंड दाखवायला जागा ठेवली नाय मेल्यानं!"

हरेश हसायचा. हॉटेलांतलं उष्टं, बाजारातला सडका पाला तो टबांत ओतायचा आणि अळ्या त्याचा फडशा पाडायच्या. पोसलेल्या अळ्या जायच्या कोंबड्यांच्या खाद्याला, खाली उरलेला चुरा झाडांना खत म्हणून. ताटावर बसला की त्याला कोण उत्साह! "आये, ऐक ना, या अळ्यांना..." की रमा भाकरी ताटात आपटायची. "जेवताना नको रे बाबा!" आणि जेवण झालं की टीव्हीवर तिची मालिका सुरू व्हायची. शेडचा उंबरठा तिने कधी ओलांडला नाही.

पण आई ती आईच. नवीन पनवेलच्या एका मोठ्या सोसायटीच्या अरुंधतीबाई शेड बघायला येणार होत्या. पसंत पडली तर तिथला सगळा ओला कचरा हरेशला मिळणार, नाहीतर तो शेड मोडून गोदामात नोकरीला लागणार. हे रमालाही कळलं होतं. पोरगा किती राबतो, ते काय तिला दिसत नव्हतं?

हरेश बाईंना आणायला गेला आणि इकडे रमाने पदर खोचला. पाहुणे यायचे नि घाण वास मारतोय? छे! फिनेलची अख्खी बाटली बादलीत उपडी करून तिने जमीन खसाखसा घासली. वास टबांतूनच येतोय म्हटल्यावर उरलेलं पाणी सढळ हाताने त्यांतही ओतलं. दारात रांगोळीसुद्धा काढली, हो!

अरुंधतीबाई आल्या तेव्हा अळ्या टबांच्या काठांवरून टपाटप खाली पडत होत्या. बघता बघता त्यांची वळवळ थांबली. पुढच्या पैदाशीसाठी राखलेल्याही गेल्या. बाईंनी नाकाला रुमाल लावला, "नंतर कळवते हं," म्हणाल्या आणि आल्या रिक्षाने परत गेल्या.

"फिनेल टाकलंस?" हरेशने विचारलं.

"वास येत व्हता म्हणून..."

"मरतात त्या फिनेलनं. सुरुवातीलाच सांगत होतो तुला."

सांगितलं असेलच की त्याने. जेवताना. रमाला वाटलं, पोराने ओरडावं, आदळआपट करावी, दोन शिव्या तरी घालाव्यात. तो मात्र एकेक टब उकिरड्यावर रिकामा करत राहिला, आणि ती रांगोळीपाशी उभी राहून रडली.

संध्याकाळी तिने त्याच्या आवडीचं सुक्या बोंबलाचं कालवण केलं. वाढून झाल्यावर ती त्याच्यासमोर बसली.

"हरेश, कशी पालतात रे ती? सांग ना मला. पुन्यांदा करू. मी येईन शेडमंदी."

हरेशने भाकरीचा तुकडा मोडला.

"जेवताना नको, आये," तो म्हणाला.