बारदानाचं माप

दस्तगीरमास्तरांच्या दुकानात माप गुपचूप घ्यायची रीत नव्हती. पडद्याआड त्यांची बायको रशिदा बायकांना टेप लावायची आणि आकडा खणखणीत ओरडायची. बाहेर मास्तर वहीत टिपून घ्यायचे. कोल्हापूरचं माणूस कुजबुजायला शिकलंय कधी!

दिराच्या लग्नासाठी अंजनाला परकर-पोलकी शिवायची होती. रशिदानं आतून आवाज दिला, "कंबर चव्वेचाळीस!" बाहेर बाकड्यावर अंजनाचा नवरा बापूसो बसला होता. गुळाचा व्यापारी माणूस, तोंडाला कुलूप ते कसलं नाहीच. तो म्हणाला, "मास्तर, आमचा गुळाचा तीस किलोचा रवा बी एवढ्याच बारदानात बसतोय की!"

दुकानात हशा पिकला. पडद्याआड अंजना हात वर करून उभी होती, ती तशीच राहिली. वर केलेले हात खाली घ्यायचेसुद्धा तिला सुचेना. रशिदानं टेप गुंडाळला आणि उगीचच तिचा पदर सारखा केला.

बापूसो हे दुपारपर्यंत विसरला. अंजना विसरली नाही. लग्नात ती फोटोला मागच्या रांगेत उभी राहिली. घरात आरशावर टॉवेल टाकला. अंघोळीला बसली की पोटाकडे बघायची तिला चोरी वाटे. तीन बाळंतपणांनी लोंबलेलं ते पोट. पण तिला वाटे, हे आपणच कुठंतरी पाप केल्यासारखं अंगावर वागवतोय. महिनाभर एकवेळ जेवून पाहिलं. गाल तेवढे बसले, पोट जागच्या जागी.

मग अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तिला कळलं, की मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा राजारामपुरीत येतात आणि चरबी नळीनं ओढून काढतात. लायपोसक्शन म्हणतात त्याला. तिनं हट्टच धरला. बापूसो म्हणाला, "तुझ्या मनासारखं हुं दे." हे खूळ कुठून आलं, ते त्यानं विचारलं नाही.

डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "वजन कमी करायचा हा उपाय नाही, बाई. एका जागची चरबी थोडी निघेल. सैल पडलेली कातडी तशीच राहील. महिना-दीड महिना पट्टा बांधावा लागेल, सूज राहील, आणि रक्तस्राव, जंतुसंसर्ग असे धोके आहेतच. हे सगळं कळून करायचं असेल तर करू." मग त्यांनी एकेक विचारलं. डायबेटीस? नाही. डोकेदुखीच्या गोळ्या? नाही. "सिगारेट, तंबाखू? त्यानं जखम भरत नाही, कातडी काळी पडून मरू शकते. असेल तर महिनाभर आधी बंद हवी."

"छे वो!" अंजना म्हणाली. "आमच्यात कांदालसूण बी चालत न्हाय."

शेजारी बापूसो खाली मान घालून बसला होता.

आता खरं सांगायचं तर अंजना मिश्री लावत होती. हातकणंगल्याजवळ माहेर, शेंगा तोडणाऱ्या बायकांत बसून लहानपणीच लागलेली सवय. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं दाताला घासायची. जैनांच्या घरात सून म्हणून आल्यावर तिनं डबी हरभऱ्याच्या डाळीत पुरली, आणि अठरा वर्षं रोज पहाटे चोरासारखी काढली. तिनं मनाची समजूत घातली, की भाजून कोळसा झाल्यावर तंबाखू राहिलीच कुठं? ते तर दंतमंजन. चोराला चोरीचं कारण कधी कमी पडत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यातली आया चिमणाबाई तिची तयारी करत होती. तिनं अंजनाचा उजवा हात धरला आणि पहिलं बोट उलटसुलट करून पाहिलं. नखाच्या कडेला काळी रेघ.

"मिश्री लावतीस न्हवं?"

अंजनाचा चेहरा उतरला. "सांगू नगा वो कुणाला."

"मी कशाला सांगू? मी बी लावतीया की." चिमणाबाईनं आपले काळे दात दाखवले. "पर टेबलावर मी न्हाय, तू झोपणार हाईस. आज बी लावलीयास?"

अंजनानं मान हलवली. हो, आजही. भीती वाटत होती म्हणून रोजच्यापेक्षा जास्तच.

डॉक्टर शाईचं पेन घेऊन आले. तिच्या उघड्या पोटावर त्यांनी निळी वर्तुळं काढायला घेतली. कातडी मरू शकते, हे त्यांचं वाक्य तिच्या कानात घोळत होतं. सांगावं तर अठरा वर्षांचं खोटं उघडं पडणार. न सांगावं तर तीन पोरांची आई टेबलावर. तिनं डोळे मिटले.

"डॉक्टर, मी मिश्री लावती. रोज."

पेन थांबलं. डॉक्टर रागावले नाहीत असं नाही. "हे महिन्यापूर्वी विचारलं होतं ना मी?" त्यांनी बापूसोला आत बोलावलं आणि त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. आज काही होणार नाही; मिश्री सुटल्यावर या, आणि नीट विचार करून या. अंजना निळ्या रेघांवर चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडली. धरणी दुभंगेल तर बरं, असं तिला झालं होतं.

दोघं रिक्षानं घरी निघाली.

"मिश्रीचं मला ठाव हुतं," बापूसो म्हणाला. "लगीन झाल्या वर्षापासनं. डाळीत हात घातला आन् डबी घावली. तुला लाज वाटंल म्हणून बोललो न्हाय."

अंजनाला रडू फुटलं. "मग त्या दिवशी डॉक्टरम्होरं का गप बसलासा?"

"चुकलंच. पर पोटाची एवढी लाज तुला कवा वाटाय लागली, अगं? कोण काय बोललं काय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"तीस किलोचा रवा," ती म्हणाली. "बारदानात बसतोय."

बापूसोला आठवायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अगं, ते... चेष्टा हुती. सगळी लोकं हसली म्हणून..."

"लोकं मागनं हसली," अंजना म्हणाली. "पयल्यांदा तुमी हसलासा."

रिक्षा दारात थांबली. अंजना उतरून आत गेली. बापूसो मात्र बसूनच राहिला. रिक्षावाल्यानं दोनदा हाक मारली, तरी त्याला मान वर करता येईना.